वापरलेलं बोट विकणे आहे

३ मार्च

राजे,

फोन करू नकोस, लिहूनच कळव. तुझा फोन आला की बाबा रेडिओ बंद करतात आणि पेपर उलटा धरून वाचत बसतात. दुकानावरच्या या दोन खोल्यांत कुजबुजलं तरी खाली चष्म्याचा नंबर काढायला बसलेल्या गिऱ्हाइकाला ऐकू जातं. आणि तू फोनवर जे करतोस ते कुजबुज या सदरात आजवर कधी बसलेलं नाही.

विषय आपल्या धाकट्या बहिणीचा. म्हणजे बाबांच्या बोटीचा. आपण दोघं झालो, शिकलो, पण 'धाकटी, धाकटी' म्हणून ज्या लाडाने ते तिचं नाव घेतात तसं आपलं कधी घेतलं नाही. असो. आता तिला उजवून टाकायची वेळ आली आहे.

जानेवारीत काय झालं ते तुला फोनवर अर्धंच सांगितलं. बाबा भर धुक्यात कुणाला न सांगता बोट घेऊन एकटेच गेले. मध्येच इंधन संपलं. फेरीबोटीवर तिकिटं फाडणाऱ्या बाईंना दिसले म्हणून, नाहीतर ओरडून ओरडून घसा गेला होता. संध्याकाळी त्यांना ओढत धक्क्यावर आणलं. मी दुपारपासून तिथे उभी. उतरले, माझ्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर "दुकान कुणाच्या भरवशावर सोडून आलीस?" तेव्हापासून आम्ही औषधं आणि विजेचं बिल याखेरीज बोलत नाही. बोटीची चावी फ्रेमांच्या कपाटात, लहान मुलांच्या चष्म्यांखाली लपवली आहे.

बंदराचं ऑफिस म्हणतं, बोट बांधायच्या जागेची मुदत वाढवायची तर मालकाच्या तब्येतीचा दाखला आणा. डॉक्टर म्हणतात, या माणसाला मी आंघोळीच्या टबातसुद्धा एकटं जाऊ देणार नाही. म्हणजे एप्रिल संपेपर्यंत बोट निघाली पाहिजे. बाबांना मी सांगितलंय की ती रंगाला दिली आहे. महिना झाला, विचारतात, मी म्हणते हिरवा रंग मिळत नाहीये.

तू गाद्यांच्या जाहिराती लिहून लोकांना झोपवतोस, तर चार ओळी घरासाठीही लिही. फोटो मी काढते.

ताई

५ मार्च

प्रिय ताई,

घरातल्या माणसाची कला घरात विचारायला चौदा वर्षं लागली, पण विचारलीस हे महत्त्वाचं.

जाहिरात सोबत आहे. दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात लिहिली, यावरून माझा हात किती बसला आहे ते कळेल. वाचून बोटं तोंडात घालशील. कृपा करून एक शब्दही बदलू नकोस. मागे तू माझ्या लग्नपत्रिकेत सुधारणा केल्या होत्यास आणि अर्धे पाहुणे चुकीच्या हॉलवर गेले होते.

"वापरलेलं बोट विकणे आहे. जुनं, पण मजबूत. एकाच मालकाने वापरलेलं. वरून थोडं घासलेलं, आतून ठणठणीत. कुठेही कुजलेलं नाही, भुसा पडत नाही. घरात उपयोग नसल्याने काढणे आहे. प्रत्यक्ष पाहून, हात लावून खात्री करावी. नेण्याची व्यवस्था ज्याची त्याने करावी. किंमत समोरासमोर ठरवू."

बाबांना आत्ता काही सांगू नकोस. एकदा विकली की सांगू. झालेली गोष्ट पचायला सोपी जाते. मी त्यांना पत्ते खेळायला टॅब दिला आहे, त्यात त्यांचं मन रमेल.

तुझा भाऊ

११ मार्च

माझ्या हुशार भावा,

तुझी जाहिरात मी वाचली नाही. समोर एक आजोबा दोन नंबरच्या काचा एकाच डोळ्याला मागत बसले होते, त्या गडबडीत जशीच्या तशी साइटवर चढवली. ही माझी चूक. बाकी सगळ्या तुझ्या.

'वापरलेली' बोट, राजे. वापरलेली! बोट पाण्यात असली की ती, हाताला असलं की ते. हे आपल्याला पहिलीच्या बाईंनी शिकवलं होतं. तू त्या दिवशी बहुधा गादीवर होतास. आणि बोटीतून भुसा कधी पडतो? मला आठवतंय, गेल्या वर्षी तू तुझं कपाट विकलंस. त्याच जाहिरातीतला 'कपाट' हा एक शब्द खोडलास आणि तिथे 'बोट' बसवलंस. दोन मीटिंगांच्या मधला वेळ सोड, दोन शिंकांच्या मधल्या वेळात हे काम झालं असेल.

त्यात मी काढलेल्या फोटोत अर्धी बोट आली आणि उरलेल्या अर्ध्यात कॅमेऱ्याच्या काचेवर आलेला माझा अंगठा. त्यामुळे लोकांची खात्रीच पटली. एका दिवसात पन्नास निरोप. "कोणत्या हाताचं?" "नख शाबूत आहे का?" "पाचही घेतली तर काही कमी कराल का?" एका बाईने मनापासून लिहिलं, ताई, इतकी वाईट वेळ आली असेल तर माझ्याशी बोला. एकाने बदल्यात चालण्याचं यंत्र देऊ केलं. शेवटी साइटवाल्यांनी मानवी अवयवांची विक्री आमच्या नियमांत बसत नाही असं कळवून जाहिरात दोन दिवस बंद ठेवली. मी तुझ्या सगळ्या 'लेलं'चं 'लेली' केलं, अंगठा काढून नवा फोटो टाकला. लगेच सगळी गर्दी ओसरली. म्हणजे बोटीपेक्षा बोटाला मागणी जास्त आहे, हे तुझ्या कंपनीला कळव.

एक महाशय मात्र चिकटून राहिले आहेत. साइटवर नाव घेतलंय 'एक कमी'. पहिल्या दिवशी लिहिलं, "डाव्या हाताचं असेल तर घेईन. माझ्याकडे एक कमी आहे." मला वाटलं, आणखी एक विनोदवीर. पण जाहिरात सुधारल्यावरही त्यांचे प्रश्न थांबेनात. आमचा संवाद वाच आणि माझ्या सहनशक्तीचं कौतुक कर.

"इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं का?"
"होय."
"नवल आहे."
"सुकाणू उजवीकडे ओढतं का?"
"अजिबात नाही."
"हेही नवल आहे. विकण्याचं कारण?"
"मालकांचं वय झालं. ते आता समुद्रावर जात नाहीत."
"मालकांना विचारलं का?"

म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? तर उत्तर आलं, "गिऱ्हाईक आहे, चौकशी करतो." अशा माणसाला काय म्हणायचं ते मी लिहीत नाही, कारण तू ते जाहिरातीत वापरशील.

ताई

१३ मार्च

ताई,

मान्य. कपाटाचीच होती. पण एक सांग, ते कपाट दोन दिवसांत गेलं होतं.

माझी बाजूही ऐक. इथे ऑफिसात आपली भाषा बोलायला मला फक्त लिफ्टमधला आरसा आहे. घरी बायको मला सुधारते आणि मुलगी हसते. शब्दांची लिंगं हळूहळू गळून पडतात, केसांसारखी.

'एक कमी'ची काळजी करू नकोस, मी या धंद्यात मुरलेला आहे. तो दलाल आहे. बोटीची इतकी बारीक माहिती साध्या गिऱ्हाइकाला नसते. आधी खोड्या काढायच्या, मालकाच्या मनात अपराधी भाव निर्माण करायचा आणि मग किंमत पाडायची, ही जुनी रीत आहे. 'मालकांना विचारलं का' हा त्यातला सगळ्यात खालच्या दर्जाचा डाव. बोट दिलंस की हातच धरेल. उत्तरच देऊ नकोस.

आणि तुझ्यासारख्या सरळ बाईने इंजिनाबद्दल असं धडधडीत खोटं लिहावं? माझ्या आठवणीत ते पहिल्या झटक्यात फक्त खोकायचं.

बाबा कसे आहेत? पत्ते खेळतात का?

तुझा भाऊ

२४ मार्च

राजे,

बाबा पत्ते इतके खेळतात की टॅब हातातून खाली ठेवत नाहीत. वर तीन चष्मे एकावर एक चढवून बसतात. दुकान चष्म्यांचं आहे, तरी एक धड घालतील तर शपथ. मी जवळ गेले की टॅब उशीखाली. म्हटलं, हरत असतील.

पहिलं खरं गिऱ्हाईक रविवारी येऊन गेलं. नवरा-बायको, दोघांचे बूट पांढरेशुभ्र. धक्क्यावरून चालताना असे पाय उचलत होते की जणू खाली कुणी झोपलंय. बाईंना बोट फार आवडली. म्हणाल्या, हिचा मधोमध तुकडा केला की आमच्या हॉटेलच्या हिरवळीवर छान बार होईल, पुढच्या भागात फुलझाडं लावू. नवरा म्हणाला, इंजिनचं काय करायचं? बाई म्हणाल्या, त्यावर दिवा बसवू.

मी हो म्हणणारच होते, कारण त्यांनी किमतीत घासाघीस केली नव्हती. तेवढ्यात बघते तर बाबा. धक्क्याच्या बाकावर, टोपी घालून, माझी ओळख नसल्यासारखे बसलेले. पाहणीची वेळ मी फक्त साइटवर टाकली होती आणि घरात सांगितलं होतं की काचांच्या कारखान्यात जाते. मला पायाखालची फळी सरकल्यासारखं झालं. बाईंनी त्यांनाच विचारलं, "काका, तुम्ही इथलेच दिसता. बोट कशी आहे हो?"

बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, "बोट उत्तम आहे. मालकही बरा होता."

होता! बाई हळहळल्या. "अरेरे, कधी गेले?"

"जानेवारीत," बाबा म्हणाले. "घरच्यांनी अजून त्याला कळवलेलं नाही."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि पांढरे बूट आले त्याच्या दुप्पट वेगाने परत गेले. आम्ही घरी चालत आलो. वाटेत बाबा एवढंच म्हणाले की हिरवा रंग मिळाला का. मला इतका राग आला होता, आणि इतकी लाज वाटत होती, की नक्की कशावरून बोलायचं तेच कळेना. त्यांना कुणी सांगितलं? तू?

वर संध्याकाळी त्या 'एक कमी'चा निरोप: "फुलझाडं लावायला कुंड्या मिळतात." याला कसं कळलं फुलझाडांचं? तुझा दलाल धक्क्यावर पाळत ठेवून आहे वाटतं.

ताई

२४ मार्च

ताई,

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. जेवण अर्धवट टाकून लिहितोय.

बाबांच्या डाव्या हाताला बोटं किती आहेत?

नांगराच्या दोरात त्यांची तर्जनी अर्धी गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, म्हणून विसरलो. तू तर नऊची होतीस. शाळेत जाताना तू बाकीची बोटं सोडून नेमकं तेच अर्धं धरायचीस, म्हणून माझ्या वाटणीला करंगळी यायची. दिवसभर लोकांसमोर अक्षरांचा तक्ता धरतेस आणि घरातलं एवढं मोठं अक्षर वाचलं नाहीस?

मीही नाही वाचलं. उलट दलाल म्हणालो. उत्तर देऊ नकोस म्हणालो. टॅब मीच दिला आणि बाबांना सांगू नकोस हेही मीच सांगितलं. मुरलेला आहे मी या धंद्यात.

तुझा भाऊ

३१ मार्च

ताई,

आठवडा झाला. साइटवरून जाहिरात गायब आहे. बाबा फोन घेतात, "ताई दुकानात आहे" म्हणतात आणि ठेवून देतात. काय चाललंय तिकडे? शिव्या दे, पण लिही.

२ एप्रिल

राजे,

शिव्या देण्याइतकी सवड नव्हती. आता आहे, पण इच्छा नाही.

तुझं पत्र वाचलं आणि मी तीन दिवस काहीच केलं नाही. बाबांना चहा देताना कप धरलेल्या हाताकडे बघायचे आणि परत खाली दुकानात यायचे. रोज बघते मी तो हात. इतका रोज, की त्यात काही कमी आहे हेच विसरून गेले. आई असती तर तिने हा सगळा तमाशा एका वाक्यात मिटवला असता, तेही भाजी चिरता चिरता. मला ते वाक्य सापडत नव्हतं. समोर उभं राहून बोलायला तोंड उघडलं की औषधाचीच वेळ तोंडातून बाहेर यायची.

शेवटी शुक्रवारी दुपारी गल्ल्यावर बसून साइटवरच लिहिलं. "इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होत नाही. तिसऱ्यात होतं. मी खोटं लिहिलं होतं."

वरच्या खोलीत टिंग वाजलं. इतक्या दिवसांत मला ते टिंग ऐकू आलं नव्हतं, आणि मी मागे तुला लिहिलं होतं की या घरात कुजबुजसुद्धा लपत नाही.

उत्तर आलं, "माहीत आहे."

"रंगालाही दिलेली नाही."

टिंग. "तेही माहीत आहे. हिरवा मिळत नव्हता तर निळ्याला काय धाड भरली होती?"

मग मी लिहिलं ते तुला जसंच्या तसं देते, कारण त्यात सुधारणा करण्यासारखं काही नाही. "त्या दिवशी मी दुपारपासून धक्क्यावर उभी होते. मला वाटलं तुम्ही गेलात. आणि तुम्ही येऊन दुकानाचं विचारलंत."

टिंग वाजलं आणि मग पुढे काहीच नाही. एक बाई आल्या, चार फ्रेमा घालून पाहिल्या, आरशाला नावं ठेवून गेल्या. तरी काही नाही. मला वाटलं, संपलं. मग उत्तर आलं. एका बोटाने टाइप करतात, तेही उजव्या, म्हणून वेळ लागतो.

"धुक्यात मलाही वाटलं होतं की मी गेलो. उतरल्यावर तू दिसलीस. दुकानाबद्दल विचारलं, कारण दुसरं काही विचारलं असतं तर सगळ्या धक्क्यासमोर रडलो असतो."

राजे, मी दुकानात बसून रडले. समोर डोळे तपासायला आलेला माणूस म्हणाला, ताई, औषध तुम्हीच घातलंत वाटतं.

पुन्हा निरोप आला. तोच जुना. "मालकांना विचारलं का?"

मी लिहिलं, "आता विचारते. बाबा, विकू का?"

या वेळी टिंगनंतर जिन्यावर पावलं वाजली. टॅब काखेत मारून बाबा खाली आले. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "विक. डॉक्टर काय म्हणतो ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? मी काय परत एकटा जाणार होतो? फक्त मला विचारायला हवं होतं गं. गिऱ्हाईक मी बघणार. आणि भावाला सांग, त्याच्या शाळेची फी वाया गेली."

मी लहान मुलांच्या चष्म्यांखालून चावी काढून त्यांच्या हातात दिली. म्हणाले, "इथे आहे ते मला माहीत होतं." काढून मात्र घेतली नव्हती.

ताई

२८ एप्रिल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी ताई म्हणते, मी लिहायला हवं. ती लिहिते तशी मला लिहिता येत नाही. मी थोडक्यात लिहितो आणि लिंगं सांभाळून लिहितो.

तू केलेली जाहिरात मी पहिल्याच दिवशी पाहिली. पत्ते खेळताना मध्येच आली. आधी बोट ओळखली, मग ताईचा अंगठा ओळखला, मग कपाटाची भाषा ओळखली. फार राग आला. पण 'घरात उपयोग नसल्याने काढणे आहे' वाचलं आणि म्हटलं, हे बहुधा माझ्याबद्दल लिहिलंय. म्हणून विचारत गेलो. तुमच्याशी बोलायची तेवढीच एक खिडकी उघडी दिसली.

बोट गेली. मी तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. एकाला नांगर आणि हूक यातला फरक कळत नव्हता. दुसरा किंमत बघत होता, बोट बघतच नव्हता. तिसऱ्याला ती मुलाच्या वाढदिवसाला द्यायची होती आणि मुलाला पोहता येत नव्हतं. ताई म्हणाली, बाबा, मुलीच्या स्थळांनाही तुम्ही एवढे फाटे फोडले नव्हते. मी म्हटलं, तेव्हा फोडले असते तर बरं झालं असतं. ती हसली. तिच्या त्या मोडलेल्या लग्नावर आम्ही पहिल्यांदाच हसलो.

शेवटी फेरीबोटीवरच्या तिकीटवाल्या बाई आल्या. त्यांना आणि त्यांच्या बहिणीला मासे धरायला जायचं होतं. मी म्हटलं, इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू होतं. बाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला धुक्यातून ओढत आणताना मी तुमचं इंजिन चांगलंच बघितलंय." मी खिशातली चावी काढून ताईकडे दिली. तिने ती बाईंना दिली. मी तेव्हा दुसरीकडे बघत होतो. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. घरी येऊन जेवलो नाही.

पण एक अट घातली होती. पहिल्या हंगामात दर रविवारी मी बरोबर जाणार. सुकाणू उजवीकडे ओढतं, ते हाताला कळायला वेळ लागतो. काल गेलो. ताईपण आली. एवढी मोठी झाली, तरी अंगावर दोन तरंगती जाकिटं घालून. धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकताना घाबरली, तेव्हा मी डावा हात पुढे केला. तिने नेमकं तेच धरलं. अर्धं. आणि पलीकडे पोचेपर्यंत सोडलं नाही. बाईंच्या बहिणीला वाटलं, म्हातारा घाबरलाय म्हणून मुलीने धरून ठेवलंय. मी तसं वाटू दिलं.

सुट्टीत ये. करंगळी रिकामी आहे.

येण्याआधी जाहिरात लिहायचा सराव सोडू नकोस. नमुना देतो, कपाटाचा नाही.

वापरलेला म्हातारा. एकाच घरात वापरलेला. वरून घासलेला, आतून ठणठणीत. एक बोट कमी. काढणे नाही. कुठे न्यायचा असल्यास आधी त्याला विचारावे.

तुझे
बाबा